काचेवर उगवलेलं जाळं

माझं माहेर नगरकडचं. तिकडे धुतलेलं लुगडं दोरीवर टाकलं की भाकऱ्या होईपर्यंत वाळायचं. लग्न होऊन कर्जतला आले आणि पहिल्याच पावसाळ्यात मला कळलं, की इथे कपडे वाळत नाहीत, नुसते कमी ओले होतात. मिठाच्या बरणीत पाणी साठायचं. काड्यापेटी उशाशी घेऊन झोपलं तरच सकाळी चूल पेटायची. दाराआडच्या चपलांवर हिरवट मखमल यायची. शेजारणी ती फडक्यानं पुसून टाकायच्या आणि कामाला लागायच्या. मी मात्र ती चप्पल उजेडात नेऊन बघत बसायची. एका चपलेवर पांढरी, दुसरीवर हिरवी, असं का, हे मला कुणी सांगू शकत नव्हतं. विचारलं की बायका हसायच्या.

आम्ही भिसेगावात दोन खोल्यांत राहायचो. ह्यांचं फोटोचं दुकान रुळांच्या पलीकडे, स्टेशनच्या रस्त्यावर होतं. हे शेलूकडच्या शेतकरी घरातले, भावांत धाकटे. भातशेतीत मन लागलं नाही म्हणून मुंबईला गिरगावात एका फोटोग्राफरच्या हाताखाली राहिले आणि तिथून येताना लाकडी कॅमेरा आणि एक मोठं पितळी भिंग घेऊन आले. कॅमेरा साधा होता. खरं मोल त्या भिंगाचं. हाताच्या मुठीएवढी जाड पितळी नळी, पुढे काच, मागे काच. त्यातून काढलेल्या फोटोत माणसाचे डोळे असे यायचे की बघणारा आधी डोळ्यांकडेच बघायचा. त्या भिंगाला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती. मलाही नव्हती. मी दुकानात जायची ती डबा घेऊन, आणि दुपारी प्रिंटा कात्रीनं कापून द्यायला.

ते लढाईचे दिवस होते. फोटोच्या काचेच्या प्लेटा मिळत नव्हत्या, कागद मिळत नव्हता, रॉकेलसुद्धा मोजून. त्यामुळे पावसाळ्यात दुकान जवळजवळ बंदच असायचं. अशात भाद्रपदात खालापूरकडच्या एका गावाहून माणूस आला. तिथला एक म्हातारा शेतकरी पहाटे गेला होता. जन्मभरात त्याचा एकही फोटो नव्हता, आणि नेण्याआधी एक काढून ठेवावा असं त्याच्या बायकोचं म्हणणं होतं. हे लगेच निघाले. खोपोलीच्या गाडीनं गेले, पुढे चालत. वाटेत एक ओढा होता, त्याला कमरेएवढं पाणी होतं. कॅमेऱ्याची पेटी त्या माणसानं डोक्यावर घेतली. भिंग ह्यांच्या खांद्याला लावलेल्या चामडी पिशवीत होतं. मधल्या खडकावरून ह्यांचा पाय सरकला आणि पिशवी क्षणभर पाण्यात गेली.

तरी फोटो निघाला. हे भिजून घरी आले, भिंग पुसलं, माझी माहेरची धाबळी मागून घेतली, तिच्यात ते गुंडाळलं, पुन्हा चामडी पिशवीत घातलं आणि पिशवी ट्रंकेत ठेवून ट्रंकेला कुलूप लावलं. एखाद्या तापकरी माणसाला पांघरूण घालावं तसं ते मला वाटलं. त्यांनाही तसंच वाटलं असणार.

पंधरवडा उलटल्यावर त्या शेतकऱ्याची बायको मुलाला घेऊन फोटो न्यायला आली. मी दुकानातच होते. हे फोटो द्यायला कचरत होते, कारण म्हाताऱ्याचा चेहरा मधोमध स्वच्छ आला होता, पण भोवती पांढुरकं धुकं होतं. बाईनं फोटो दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला. ती रडली नाही. चेहरा त्यांचाच आहे असं मुलाला म्हणाली. मग ह्यांच्याकडे वळून तिनं शांतपणे विचारलं,

"दादा, त्या दिशी आमच्या पडवीत धूर नव्हता, धुकं नव्हतं. मंग ह्ये फोटूत कुठनं आलं?"

हे म्हणाले, पावसाळी उजेडात असं होतं. बाईनं मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. तिला तक्रार करायची नव्हती, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. ती गेल्यावर तिचा प्रश्न माझ्या डोक्यात राहून गेला. पडवीत नव्हतं ते फोटोत आलं, म्हणजे ते पडवी आणि फोटो यांच्या मध्ये कुठेतरी होतं. मध्ये तर भिंगच होतं.

मी ह्यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, भिंगात थोडी वाफ धरली असेल, आतापर्यंत वाळली असेल. ट्रंक उघडून बघू या का, असं मी विचारलं, तर म्हणाले, उगाच हवा लावायला नको.

दसऱ्याला हत्यारांची पूजा असते म्हणून त्यांनी भिंग काढलं. धाबळीला कुबट वास येत होता आणि पिशवीच्या चामड्यावर चपलांवर यायची तशीच मखमल होती. भिंग वरून लखलखीत होतं. त्यांनी ते खिडकीकडे धरून आरपार पाहिलं आणि तसेच उभे राहिले. मग माझ्यापुढे धरलं. पहिल्यांदाच.

आत, मागच्या काचांत कुठेतरी, एक जाळं होतं. कोळ्याचं नव्हे, कोळ्याचं जाळं आखीव असतं. हे एका कडेपासून निघून फांद्या फुटत गेलेलं होतं, पिंपळाच्या वाळक्या पानात शिरा उरतात तसं. मला ते सुंदर वाटलं, पण ह्यांचा चेहरा बघून मी तसं म्हणाले नाही.

ह्यांची खात्री झाली की काच आतून तडकली. मुंबईच्या गुरूंनी त्यांना सांगून ठेवलं होतं, भिंग उघडलं की भिंग गेलं. त्यामुळे उघडून बघायचा प्रश्नच नव्हता. ते भिंग घेऊन मुंबईला गेले. तिथल्या दुकानदारानं सांगितलं की विलायतेहून माल यायचा बंद झालाय, आहे तेच वापरा. ते भिंग घेऊन तसेच परत आले. तुळशीचं लग्न झालं की लग्नांचे फोटो सुरू व्हायचे, वर्षाची कमाई त्या दिवसांतली. त्यांनी चाचणीचा एक फोटो काढला. सगळा फोटो दुधात बुडवून काढल्यासारखा आला.

मी म्हटलं, "अहो, हा तडा नाही. ही बुरशी आहे."

ते म्हणाले, "भाकरीला बुरशी येते, लोणच्याला येते. काचेत खायला काय आहे?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि तो मला सोडेना. चामडं म्हणजे कातडं, त्यावर बुरशी जगेल. धाबळी लोकरीची, तीही एक वेळ चालेल. पण काच? काचेवर काय पिकणार?

आमच्या दुकानाशेजारी एक वयस्क घड्याळजी बसायचे. ते रोह्याकडच्या मुसलमान घराण्यातले, सगळा रस्ता त्यांना चाचा म्हणायचा. ह्यांच्यावर त्यांचा मुलासारखा जीव, म्हणून मला ते सूनबाई म्हणत. मी त्यांना विचारलं की घड्याळाच्या काचेवर बुरशी आलेली कधी पाहिलीत का. त्यांनी आठवून पाहिलं. पट्ट्यावर पाहिली होती, तबकडीच्या कागदावर पाहिली होती. काचेवर कधी लक्ष गेलं नाही, म्हणाले. मग त्यांनाही नाद लागला. त्यांनी खोक्यातून दोन जुन्या काचा काढून दिल्या आणि म्हणाले, "कर बघ काय ते. मलाबी सांग."

मी दोन्ही काचा रिठ्याच्या पाण्यानं धुतल्या, वाळवल्या. एक फडक्यानंच धरून पत्र्याच्या डबीत ठेवली. दुसरीवर, नुकतंच डोक्याला तेल लावलेलं होतं, त्या हाताचा अंगठा दाबला आणि ती शेजारी ठेवली. डबीत जुन्या चपलेचा एक तुकडा आणि ओली चिंधी टाकली, झाकण लावलं आणि डबी माठाच्या तिवईखाली, जिथे जमीन कधी वाळत नसे, तिथे सरकवून दिली. रोज उघडून बघायचा मोह व्हायचा. बिऱ्हाडात मी एकटी असताना दोन-तीनदा तिवईपर्यंत जाऊन परत आले.

दिवाळी झाली आणि मी डबी उघडली. धुतलेल्या काचेवर कडेला एक-दोन ठिपके होते, बस. दुसऱ्या काचेवर अंगठा उमटला होता. माझाच अंगठा, पण पांढऱ्या बारीक धाग्यांचा. अंगठ्यावरची प्रत्येक रेघ वळत वळत जशी असते तशी, आणि फक्त रेघांवरच, मधल्या जागा मोकळ्या. बुरशीला खायला तेल मिळालं होतं, आणि ती नेमकी तेवढ्यातच वाढली होती.

मी तशीच, स्वयंपाक टाकून, डबी पदराखाली धरून रूळ ओलांडले आणि दुकानात गेले. चाचांनी डोळ्याला त्यांचं बारीक भिंग लावून पाहिलं आणि ते ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनीही त्यातून पाहिलं. मग म्हणाले, की त्या दिवशी पडवीत प्रेत उजेडात ठेवून लोक थांबले होते आणि भिंगाच्या आत वाफ दिसत होती. म्हणून त्यांनी मागची नळी फिरवून काढली होती आणि हाताला लागेल तेवढी काच बोटाला धोतराचा सोगा गुंडाळून पुसली होती. दोन काचांच्या मधली वाफ मात्र तशीच राहिली. धोतर ओढ्याच्या पाण्यानं भिजलेलं, हात पिशवीच्या चामड्याला घासायच्या तेलाचे. ते तेल ओलीबरोबर कडेनं आत झिरपलं असणार. हे सांगताना त्यांच्या आवाजात दुःख कमी आणि नवल जास्त होतं. तडा नव्हता, हे त्यांच्या लक्षात येत होतं.

"उघडू या," असं ते स्वतःच म्हणाले.

मागच्या नळीत दोन काचा होत्या आणि मध्ये एक पितळी कडं. त्यांना धरून ठेवणारी चकती ओलीनं हिरवी पडून घट्ट बसली होती. चाचांनी तिच्या कडेला तेलाचा थेंब सोडला आणि आम्ही वाट बघत बसलो. दवाखान्यातून मागून आणलेलं स्पिरिट तयार होतं, मी जुन्या मलमलीचे तुकडे धुऊन आणले होते. दुपारी चकती फिरली. चाचांनी आतल्या काचा मलमलीवर काढून ठेवल्या. जाळं दोन्ही काचांच्या समोरासमोरच्या अंगावर होतं. स्पिरिटचा बोळा फिरवला की ते निघून येत होतं. मला वाटलं होतं खरवडावं लागेल. पण ओल्या फडक्याला ते चटकन चिकटून आलं.

काच स्वच्छ दिसली. हे हसले. चाचांनी तिच्यावर उरलेला बोळ्याचा धागा उडवायला म्हणून फुंकर घातली, तर त्या वाफेत जाळं पुन्हा उमटलं. फांदीन् फांदी. वाफ उडाली आणि ते नाहीसं झालं. आम्ही पुन्हा फुंकर घातली, पुन्हा उमटलं. आम्ही पुन्हा स्पिरिट लावलं, पुसलं, फुंकलं. ते यायचंच. आता ते काचेवर नव्हतं, काचेत होतं. बुरशीनं तेल खाल्लं होतं आणि जाता जाता काचेलाही थोडं खाल्लं होतं. पाटीवरचा खडू पुसला तरी पेन्सिलीचा ओरखडा राहतो, तसं.

चाचा म्हणाले, तबकडी घासायची लाल पूड आहे, घासून बघू. ह्यांनी नको म्हटलं. घासून काच वाकडी झाली तर उरलंसुरलंही जाईल. मला ते पटलं. शिवाय, खरं सांगायचं तर, ते फुंकरेनं येणारं जाळं मला अजून बघायचं होतं.

काचा परत बसवल्या, नळी कॅमेऱ्याला लावली. हे काळ्या कापडाखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "संपलं." मधोमध नीट दिसत होतं, पण कडांना सगळं गरगर फिरल्यासारखं, पुसट. ते बाकावर जाऊन बसले. गुरू म्हणाले होते तेच झालं, असं त्यांच्या मनात आलं असणार.

मी विचारलं, मी बघू का. त्यांनी हातानंच बघ म्हणून खुणावलं.

मी तोवर कधी त्या कापडाखाली गेले नव्हते. आत अंधार आणि समोर दुधी काच, आणि काचेवर आमचा रस्ता उलटा टांगलेला. टांगा चाकं वर करून चालला होता. आकाश खाली, स्टेशनच्या रस्त्याची माती वर. माणसं छताला पाय लावून चालत होती आणि पडत नव्हती. मी कशासाठी आत आले होते ते विसरले. मग समोरच्या दुकानाची पाटी दिसली, उलटी, आणि तिच्या मधल्या अक्षरांवर माझी नजर ठरली. मधली अक्षरं कोरीव होती, टोकाची अक्षरं वितळलेली. काच खराब असती तर सगळंच पुसट झालं असतं, असं मला वाटलं. मध्ये चांगलं आणि कडेला वाईट, म्हणजे काहीतरी उलटसुलट बसलं असणार. आधी कुठली काच कशी होती, हे आमच्यापैकी कुणाला आठवत होतं? कुणालाच नाही. सगळे जाळं बघण्यात गुंग होतो.

मी बाहेर येऊन हे सांगितलं. चाचांनी लगेच चकती काढली. मी माझ्या काजळाच्या डबीतून बोटावर काजळ घेतलं आणि प्रत्येक काचेच्या कडेवर, उजेडाला आड येणार नाही असा, एक ठिपका लावला, म्हणजे तोंड कुठे नि पाठ कुठे हे कळावं. मग एकेक करून उलथून बघायला सुरुवात केली. चाचा काच फिरवायचे, हे नळी लावायचे, आणि मी कापडाखाली. कुणी तसं ठरवलं नव्हतं. मी आधी आत होते म्हणून आतच राहिले. मी पाटीची टोकं बघून सांगायची, वाईट, आणखी वाईट, पहिल्याइतकंच. बाहेर उजेड उतरत चालला होता. एकदा हे म्हणाले, उद्या बघू. चाचा म्हणाले, एकदाच आणखी.

त्या वेळी पाटीची सगळी अक्षरं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदम उभी राहिली. मी हात बाहेर काढून ह्यांचा हात धरला आणि त्यांना आत ओढलं. त्या कापडाखाली दोन माणसांना जागा नसते. आम्ही तसेच दाटीवाटीनं ती पाटी बघत राहिलो.

तुळशीच्या लग्नानंतर त्याच भिंगानं फोटो काढले. काचेतल्या त्या ओरखड्यांमुळे समोरून ऊन आलं की फोटोवर थोडी दुधी झाक यायची. ह्यांनी काळ्या पुठ्ठ्याची एक नळकांडी करून भिंगाच्या पुढे लावली आणि उजेड नेहमी पाठीमागून घ्यायला लागले. ऐकलं तर गंमत वाटेल, पण काही नवरीकडच्या बायका आमच्याकडचा फोटो मऊ येतो म्हणून मुद्दाम यायच्या. हे नम्रपणे मान हलवायचे आणि कारण सांगायचे नाहीत.

पुढच्या पावसाळ्याआधी भिंग कसं ठेवायचं यावर मी बरीच खटपट केली. डब्यात मीठ ठेवलं, तर मिठालाच पाणी सुटलं. रेशनचे तांदूळ भाजून फडक्यात बांधून ठेवले, त्यात टोके, म्हणजे तांदळातले किडे, झाले, आणि खायचा तांदूळ काचेला घातला म्हणून ह्यांनी तोंड वाकडं केलं. शेजारीण म्हणाली, बियाणं ठेवतात तसं चुलीवरच्या शिंक्यात ठेव. ते कोरडं राहिलं खरं, पण चार दिवसांत धुरानं पिवळं झालं. शेवटी लक्षात आलं की चामडं नको, लोकर नको, ट्रंक तर नकोच. बुरशीला अंधार आणि कोंडलेली हवा लागते. मी दुकानात खिडकीजवळ जाळीचं कपाट करून घेतलं आणि भिंग उघड्यावर, उजेडात ठेवलं. पाऊस थोडा थांबला की त्याला सकाळचं कोवळं ऊन दाखवायची. त्यानंतर जाळं आलं नाही.

हळूहळू लोकांत पसरलं, की स्टेशनच्या रस्त्यावर फोटोवाल्याची बायको ओलीनं गेलेल्या काचा बघते. मग घाटातल्या ठाकुरवाडीच्या ठाण्यावरचे एक रेल्वेबाबू दुर्बीण घेऊन आले, तिच्यातून त्यांना सगळे डोंगर ढगात दिसायचे. कुणी चष्मे आणले. चकत्या फिरवायचं हत्यार चाचांनी मला स्वतःचं दिलं, त्यांचे हात कापायला लागले होते तेव्हा. मी प्रत्येक वेळी आधी काजळाचा ठिपका लावायची.

लढाई संपली, स्वातंत्र्य आलं, त्यानंतरच्या एका आश्विनात खोपोलीचे एक डॉक्टर सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन दुकानात आले. त्याच्या काचेवरही तेच जाळं. मी काच काढली, पुसली, नीट बसवली आणि बरोबर बसली की नाही ते बघायला काहीतरी खाली ठेवायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, काहीही ठेवा. मी दाराआडची चप्पल आणली, सुईच्या टोकानं तिच्यावरची मखमल उचलली आणि काचपट्टीवर ठेवली.

आधी नुसता धूसर उजेड होता. मग डॉक्टरांनी सांगितलं तशी बाजूची खुंटी फिरवली आणि एक रान वर आलं. पारदर्शक, बारीक देठ, एकाशेजारी एक उभे, आणि प्रत्येकाच्या टोकाला गोल बोंड. काही बोंडं फुटलेली, त्यांतून काळसर धूळ सांडलेली. मी चपलेकडे पाहिलं, परत आत पाहिलं. इतकी वर्षं मी जे उजेडात नेऊन बघत होते, ते हे होतं.

मी ह्यांना बोलावलं. त्यांनी पाहिलं, आणि डोळा न काढता विचारलं, "ही धूळ म्हणजे बी का?"

डॉक्टर म्हणाले, बीच म्हणायचं, हवेत सगळीकडे असतं, या खोलीतही असेल. हे लगेच आतून कॅमेरा आणायला धावले. त्या यंत्रावर भिंग टेकवून त्याचा फोटो काढायचा त्यांनी प्रयत्न केला. बाहेरून मालगाडी गेली, टेबल हललं आणि प्लेट वाया गेली. दुसरी प्लेट नव्हती. डॉक्टरांना दवाखान्याची वेळ झाली होती. मी काचपट्टी स्पिरिटनं धुतली, मलमलीनं कोरडी केली आणि यंत्र त्यांच्या हाती दिलं. जाताना मी त्यांना सांगितलं की ते कपाटात बंद करून ठेवू नका, उजेडात ठेवा.